तंबू गोल असो की चौकोनी, वाटाड्या पक्का हवा

डिसेंबर उजाडला की संभाजीनगरकरांच्या मोबाइलवर दोन प्रकारचे फोटो फिरू लागतात. एक, आगटीभोवती बसून हुरडा खाणाऱ्यांचे. दुसरे, डोंगराच्या कडेला दिव्यांच्या माळा लावलेल्या पांढऱ्या गोल तंबूंचे. पहिला प्रकार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. दुसरा नवा आहे. कोणी त्याला यर्ट म्हणतं, कोणी डोम, कोणी नुसतंच ‘कॅम्पिंग’. जोडीला ट्रेकिंग, रॅपलिंग, लेणीदर्शन अशी यादी असते आणि खाली बुकिंगचा नंबर.

फोन लावणारे काय विचारतात? गरम पाणी आहे का, जेवणात काय, गाणी लावू देता का. सकाळी आम्हाला डोंगरात कोण नेणार, हे क्वचितच कोणी विचारतं. पैसे भरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न मात्र तोच. तंबू गैरसोयीचा निघाला तर एक रात्र खराब जाते. वाटाड्या कच्चा निघाला तर जिवाशी गाठ पडते. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत पहिल्यांदा मुक्कामाला निघालेल्यांनी जागा, तंबू आणि माणूस कसा पारखावा, कुठे जावं आणि कधी जाऊ नये, ते इथे सांगतो.

गोल तंबू आपल्या हवेत कसा चालतो

यर्ट हे मध्य आशियातल्या भटक्या मेंढपाळांचं घर. लाकडी पट्ट्यांची घडी होणारी जाळीदार भिंत, तिच्यावर टेकवलेले वाशे, ते सगळे माथ्यावरच्या एका लाकडी कड्यात खोचलेले आणि वरून मेंढीच्या लोकरीचं जाड आवरण. ही लोकर विणलेली नसते, तर भिजवून, दाबून, लाटून तिचं कापड केलेलं असतं. आपल्याकडे पूर्वी अंथरायला बुरणूस असायचा, तोच हा प्रकार. भिंत गोल असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी सपाट बाजूवर आदळत नाही. चुलीचा धूर माथ्याच्या कड्यातून निघून जातो. मंगोलियातली ही कारागिरी २०१३ साली आणि किरगिझ-कझाख कारागिरी २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. हिंदुस्थानालाही घडीचे तंबू परके नाहीत. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त शाही छावणीच्या सरंजामात ‘खरगाह’ नावाच्या घडीच्या तंबूची नोंद आहे.

पण ते घर बर्फाळ वाऱ्यासाठी घडलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबर-जानेवारीत कधी कधी पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो. शिवाय इथे ‘यर्ट’ म्हणून जे उभं केलेलं असतं ते बहुतेक वेळा लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर ताणलेलं प्लॅस्टिकचं जाड कापड असतं. लोकर नाही, जाळी नाही, माथ्याला झरोकाही नाही. असा तंबू दुपारी भट्टीसारखा तापतो आणि पहाटे आतून घामाघूम होतो. म्हणून नावावर जाऊ नका. तंबूच्या पुढच्या चार गोष्टी बघा, आणि जाता येत नसेल तर मालकाकडून त्यांचे दिवसाउजेडी काढलेले फोटो मागवा.

हवा: समोरासमोर दोन खिडक्या आणि माथ्यावर उघडणारी झडप हवी, तिन्हींना बारीक जाळी हवी. एकच दार असलेला गोल तंबू फोटोत छान दिसतो, पण झोप लागू देत नाही.

दुपदर: आतलं कापड आणि बाहेरचं कापड यांच्यात चार बोटं अंतर असावं. हे अंतर नसेल तर दव आणि श्वासाची वाफ आतल्या बाजूला थेंब धरते. पहाटे कापडाच्या आतल्या अंगावरून हात फिरवला की सगळं कळतं. हात ओला झाला तर अंथरूण-पांघरूणही ओलं होणार.

ओटा आणि खाट: तंबू थेट मातीवर नको. हात-दीड हात उंच ओटा, त्याला फटी नाहीत, आणि वर खाट. थंडीसाठी हे जितकं गरजेचं तितकंच सापासाठी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावल्याची उदाहरणं जास्त असतात. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर ती डासांइतकीच सापाविंचवालाही अडवते.

आग: तंबूत कोळशाची शेगडी कधीही नेऊ नका. थंडीने कुडकुडत असलात तरी नाही. मूळ यर्टमध्ये धुराला वाट असते. प्लॅस्टिकच्या बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. डास मारायची अगरबत्तीही बाहेरच. दोन जाड घोंगड्या हा सगळ्यात सुरक्षित हीटर आहे.

जागा वाचायला शिका

तंबूइतकीच त्याची जागा महत्त्वाची. आपल्या डोंगरांत नाले वर्षातले आठ महिने कोरडे असतात आणि सपाट, वाळूचं, सावलीतलं पात्र मुक्कामाला मोहात पाडतं. तिथे तंबू असेल तर नाल्याकाठची झुडपं निरखून बघा. फांद्यांत वाळलेलं गवत, पाचोळा, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतील. त्या ज्या उंचीवर आहेत तिथपर्यंत मागच्या पावसाळ्यात पाणी आलं होतं. तंबू त्या रेषेच्या बराच वर असायला हवा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते. वरच्या पठारावर पडला तरी खाली लोंढा येतो.

कड्याच्या अगदी पायथ्यालाही नको. काळ्या पाषाणाच्या थरांतून सुटे दगड येतात, आणि वानरांची टोळी वरून गेली तरी दोन-चार धोंडे घरंगळतात. उघड्या माथ्यावर एकटा उभा तंबूही नको. तिथे वारा आणि वीज दोन्ही येतात. डोंगराचा मधला पदर, थोडा उतार, पाठीशी झाडोरा पण डोक्यावर वाळकी फांदी नाही, अशी जागा उत्तम. खोऱ्याच्या तळाला रात्री थंड हवा साचते, त्यामुळे पदरावरची जागा उबदारही असते.

संडास किती पावलांवर आहे आणि वाटेवर दिवा आहे का, हे स्पष्ट विचारा. बिबट्याच्या मुलखात रात्री दोनला एकट्याने शंभर पावलं जाणं हा साहसी पर्यटनाचा भाग नाही. फोनला रेंज कुठे मिळते हेही आल्या आल्या पाहून ठेवा. कित्येक खोऱ्यांत एका ठरावीक टेकाडावरच रेंज येते, आणि ते टेकाड अंधारात शोधायची वेळ येऊ नये.

वाटाड्या पारखताना

कन्नड तालुक्यात अंतूर किल्ल्याच्या वाटेवर निजामशाही काळातला एक चौकोनी दगडी खांब आहे. त्यावर फारसीत कुठल्या गावाला कुठली वाट जाते ते कोरलेलं आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांनाही ठाऊक होतं की या डोंगरात अनोळखी माणूस चुकतो. आज खांबाचं काम मोबाइलवरचा नकाशा करतो, पण यंदाच्या पावसात कुठली पायवाट वाहून गेली, कुठल्या टाक्याचं पाणी आटलं, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ बसलंय, हे त्याला माहीत नसतं. ते तिथल्या तांड्यावरच्या किंवा वाडीवरच्या माणसालाच माहीत असतं.

म्हणून चांगल्या आयोजकाकडे दोन माणसं हवीत. एक गावातला, ज्याची हयात त्या डोंगरात गुरं चारण्यात गेली आहे. दुसरा प्रशिक्षित, ज्याला प्रथमोपचार, दोरकाम आणि माणसं सांभाळणं येतं. नुसता गावकरी असेल तर पाय मुरगळलेल्या मुलाचं काय करायचं ते त्याला सांगता येईलच असं नाही. नुसता प्रशिक्षित असेल तर तो कदाचित तुमच्याइतकाच त्या वाटेला नवखा असेल.

बुकिंगच्या वेळी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं कशी येतात ते ऐका.

‘आमच्यासोबत कोण येणार?’ उत्तरात नाव आलं पाहिजे. ‘आमचा कोणीतरी पोरगा येईल’ हे उत्तर नाही.

‘किती जणांमागे किती वाटाडे?’ दहा-बारा जणांमागे एक पुढे आणि एक पिछाडीला, हे साधं गणित. पिछाडीचा माणूस सगळ्यात दमलेल्या माणसाच्या मागे चालतो आणि कोणाला मागे सोडत नाही. चाळीस जणांना एकच माणूस नेत असेल तर ती सहल नसून मिरवणूक आहे.

‘कुठल्या परिस्थितीत अर्ध्यातून परत फिरता?’ हा माझ्या मते सगळ्यात नेमका प्रश्न. जाणकार माणूस लगेच सांगतो: ढग गडगडले की माथा सोडतो, पाणी गुडघ्यावर आलं की नाला ओलांडत नाही, दुपारी अमुक वाजता कुठेही असलो तरी उतरायला लागतो. ‘आपण टॉप केल्याशिवाय येतच नाही’ असं कोणी छाती फुगवून म्हटलं, तर फोन ठेवा.

‘प्रशिक्षण कुठे झालं?’ उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था इथले मूलभूत अभ्यासक्रम हा चांगला पाया. पुण्यात गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगही आहे. आपल्या शहरातही अनुभवी मंडळी आहेत. इथले पोलीस दलातले रफीक शेख २०१६ मध्ये आणि मनीषा वाघमारे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले. एखादा आयोजक बरा की वाईट, हे शहरातल्या जुन्या गिर्यारोहकाला विचारलं तर जाहिरातीपेक्षा खरं उत्तर मिळतं.

‘नोंदणी आहे का?’ महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. शेतावरच्या मुक्कामासाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. नोंदणीचा कागद व्हॉट्सअॅपवर मागायला संकोच करू नका. ज्याच्याकडे आहे तो अभिमानाने पाठवतो.

रॅपलिंग, झिपलाइन, दरी ओलांडणं अशी दोरावरची कामं असतील तर आणखी कडक व्हा. प्रत्येकाला हेल्मेट आणि हार्नेस हवा. दोर निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेला हवा, म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरतो. दोर अडकवायच्या कडीवर, म्हणजे कॅराबिनरवर, सीई किंवा यूआयएए या सुरक्षा-मानकाची खूण कोरलेली असते, ती बघायला मागा. उतरण्यापूर्वी तुमचा हार्नेस एकाने बांधला तर दुसऱ्याने तपासला पाहिजे. हे होत नसेल तर पैसे भरलेले असले तरी नाही म्हणा. मुलं हिरमुसतील, हिरमुसू द्या.

कुठे जावं: तीन टप्पे

पहिला टप्पा, मुलाबाळांसह: खुलताबाद, म्हैसमाळ, वेरूळ. शहरापासून तास-दीड तासाच्या आत, रस्ता चांगला, रुग्णालय जवळ. म्हैसमाळचं पठार, गिरिजामातेचं मंदिर, शूलिभंजनच्या टेकडीवरचा सूर्योदय हे पहिल्यांदा डोंगरात मुक्काम करणाऱ्यांना पुरेसं आहे. दुसऱ्या दिवशी वेरूळ. एवढं लक्षात ठेवा की वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. पावसाळ्यात म्हैसमाळला धुकं उतरतं. कड्याच्या कठड्याबाहेर जाऊन फोटो काढण्याचा मोह तेव्हा सगळ्यात घातक ठरतो, कारण ओल्या गवताखाली पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

दुसरा टप्पा, चालायची सवय असलेल्यांसाठी: कन्नड, गौताळा, पितळखोरा, अंतूर. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. त्याचा पसारा सुमारे २६० चौरस किलोमीटरचा आहे. बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, नीलगाय, मोर ही इथली वस्ती. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघही इथे कॅमेऱ्यात सापडला. पितळखोऱ्याची लेणी शहरापासून साधारण ८० किलोमीटरवर. पायऱ्या उतरून घळीत जायचं आणि वर बघायचं. इसवी सनापूर्वीच्या काळातलं हे काम. इथे सापडलेली हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ती कृष्णदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं तिच्या हातावरच्या लेखात आहे. घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटणादेवी. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने इथे मठ काढल्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. हा सगळा पट्टा दोन दिवसांत उरकायचा नसतो. एक लेणं आणि एक किल्ला, एवढं दोन दिवसांना पुष्कळ झालं.

तिसरा टप्पा, मुरलेल्यांसाठी: सिल्लोड-सोयगावचा भाग. उंडणगाव आणि सोयगाव यांच्यामध्ये हळद्या घाटाजवळ वेताळवाडीचा किल्ला, पलीकडे रुद्रेश्वर लेणं, जंजाळ्याचा वैशागड आणि त्याच्या पोटातली घटोत्कच लेणी. घटोत्कच लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. अजिंठ्यातही त्याचं नाव येतं. बनोटीजवळचा सुतोंडा खडकात खोदलेल्या टाक्यांसाठी आणि डोंगर कापून काढलेल्या प्रवेशमार्गासाठी पाहावा. इथे वर्दळ कमी, खुणा कमी, घसारा जास्त. टाक्यांचं पाणी दिसायला नितळ असलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका. अजिंठा लेणी याच भागात, पण ती सोमवारी बंद.

कधी जाल, कधी जाणार नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. आकाश स्वच्छ, वाटा कोरड्या, आणि डिसेंबर-जानेवारीत शेतात हुरडा. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. चंद्र नसेल तर गौताळ्याच्या अंगाच्या अंधाऱ्या शिवारातून तो बघण्यासारखा असतो.

जुलै ते सप्टेंबर डोंगर हिरवागार आणि धबधबे वाहते, म्हणून गर्दी तेव्हाच उसळते. ज्यांना वाटा ठाऊक आहेत त्यांनी जावं, पण मुक्काम पक्क्या छपराखाली करावा. ३१ ऑगस्ट २०२१ ला एका रात्रीच्या पावसाने कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगाव परिसरात पूर आला. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील, घरी थांबा. बुकिंग करतानाच ‘इशारा आला तर पैसे परत की तारीख पुढे?’ हे लेखी घेतलं तर बुडणारही नाहीत.

विजेचं वेगळं सांगायला हवं. मराठवाड्यात वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस दोन्ही विजा घेऊन येतात, म्हणजे एप्रिल-मे-जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये घाला. गडगडाट ऐकू आला की माथा, एकटं झाड आणि लोखंडी पाइपाचा तंबू, तिन्ही सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथून हलू नका.

मार्च ते मे दुपारी डोंगरात काही काम नाही. जायचंच तर संध्याकाळी पोचा, पहाटे पाचला चाला आणि दहाच्या आत सावलीत या. या दिवसांत वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते, त्यामुळे शेकोटीला सुट्टी.

मधमाश्या, साप, विंचू, बिबट्या

लोक बिबट्याला घाबरतात आणि मधमाश्यांना विसरतात. खरं तर लेण्यांच्या कड्यांवर आणि किल्ल्यांच्या बुरुजांखाली लटकणारं आग्या मोहोळ हा जास्त जवळचा धोका आहे. तिथे धूर नको, आरडाओरड नको, उग्र अत्तर नको, ड्रोन नको. वाटाड्याने ‘आता कोणी बोलायचं नाही’ म्हटलं की बोलायचं नाही. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कापडात गुंडाळून सरळ पळायचं, हातवारे करत जागेवर थांबायचं नाही. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत वाट बघतात.

साप चावला तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं हे सगळं बंद. अवयव हलू न देता, माणसाला न चालवता गाडीत घालायचं आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. मण्यारीच्या दंशाला दुखणंही नसतं आणि सूजही, म्हणून रात्री काही चावल्यासारखं वाटलं आणि सकाळी पापण्या जड झाल्या, तर वाट बघू नका. विंचवाच्या बाबतीत लाल विंचू घातक. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर करून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. उपाय आहे, पण तो वेळेत रुग्णालयात पोचणाऱ्यालाच मिळतो. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, एवढी सवय लावून घ्या.

निघण्याआधी एक फोन करून खात्री करा: कन्नड, सिल्लोड किंवा सोयगावच्या सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष आज शिल्लक आहे का. नसेल तर थेट संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, आणि मुक्कामापासून घाटीला किती वेळ लागतो ते ठाऊक ठेवा. रुग्णवाहिकेला १०८, इतर संकटात ११२, वन्यप्राण्यासंबंधी काही असेल तर वनविभागाचा १९२६. डोंगरात कोणी हरवलं किंवा अडकलं तर अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचं बचाव समन्वय केंद्र जवळच्या प्रशिक्षित गिर्यारोहकांशी गाठ घालून देतं.

बिबट्यासाठी तीन पथ्यं पुरतात. उष्टं-खरकटं, हाडकं तंबूजवळ टाकायची नाहीत. पाळलेलं कुत्रं सोबत आणायचं नाही. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडायचं नाही.

परवानगीचं काय?

अभयारण्यात शिरायला वनविभागाचा परवाना लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार विनापरवाना प्रवेश आणि आग लावणं हे दोन्ही गुन्हे आहेत. म्हणून ‘आम्ही जंगलाच्या अगदी मधोमध तंबू लावतो, शेकोटी करतो’ असं कोणी सांगत असेल तर त्याला परवाना दाखवायला सांगा. जबाबदार आयोजक हद्दीबाहेरच्या मालकीच्या शेतात मुक्काम ठेवतो आणि दिवसा रीतसर आत नेतो. पुरातत्त्व खात्याची लेणी आणि संरक्षित किल्ले यांत रात्रीचा मुक्काम करता येत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायलाही कायद्याने मनाई आहे. डोंगरात आवाज दोन वाड्यांपलीकडे जातो, आणि तिथली माणसं पहाटे उठून शेतावर जाणारी असतात.

पिशवीत आणि ताटात

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, एक लोकरी थर, कानटोपी, घट्ट पकडीचे बूट, डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी, माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, स्वतःची नेहमीची औषधं, आणि रोख पैसे, कारण रेंज नसेल तिथे फोनवरून पैसे जात नाहीत. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा. घरच्या एकाला मुक्कामाचं ठिकाण, वाटाड्याचा नंबर आणि परतीची वेळ लिहून पाठवा.

जेवण तिथलं घ्या. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, घाटाखाली उतरलात तर खानदेशी भरीत. हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळून खाण्यापुढे कुठलंही बार्बेक्यू फिकं. शहरातून आणलेल्या पाकिटबंद खाण्याचा कचरा मात्र परत शहरातच न्या. तांड्यावर घंटागाडी येत नाही.

पैसे कसे द्यावेत

पॅकेजची रक्कम एकत्र न घेता तिची फोड मागा: मुक्काम किती, जेवण किती, वाटाड्या किती. वाटाड्याच्या नावापुढचा आकडा तंबूच्या सजावटीपेक्षा केविलवाणा असेल तर आयोजकाच्या लेखी कशाला किंमत आहे ते उघड आहे. अशा ठिकाणी मालकाला स्पष्ट सांगा की माळा नकोत, दोन माणसं द्या. गिऱ्हाईक जे मागतं तेच बाजार पुरवतो. आपण आजवर दिवे मागितले, म्हणून दिवे मिळाले.

परत निघताना वाटाड्याच्या हातात त्याचं मानधन पोचलं का ते विचारा, आणि त्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये नावानिशी घ्या. पुढच्या खेपेला बेत ठरला की तंबूवाल्याच्या आधी त्याला फोन करा: वाट कशी आहे, पाणी आहे का, या आठवड्यात यावं का. तो ‘या’ म्हणाला तरच बुकिंग करा.